कोळसा पेटविण्याची साधने : धाराशिव जिल्ह्यातील परंपरा आणि त्यामागील विज्ञान

प्रस्तावना

मानवी जीवनात अग्नीला अनन्यसाधारण स्थान आहे. अन्न शिजविणे, धातू वितळविणे, थंडीपासून संरक्षण करणे आणि देवापुढे धूप जाळणे या सर्व व्यवहारांत अग्नी लागतो. अग्नीच्या उपयोगाविषयी विपुल लेखन झाले आहे. अग्नी पेटविण्याच्या कृतीकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ही कृती घरातील स्त्रियांच्या व कारागिरांच्या हाती होती. ती पिढ्यान्‌पिढ्या पाहून शिकली गेली, म्हणून ती लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नसावी.

आज परिस्थिती बदलली आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर ग्रामीण भागातही स्वयंपाकाचा गॅस मोठ्या प्रमाणावर पोहोचला. स्त्रियांची धुरापासून काही अंशी सुटका झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्याबरोबर विस्तव फुलविण्याचे रोजचे कौशल्य घरातून कमी होत गेले. कोळसा मात्र गेला नाही. हुरड्याची सहल, रस्त्यावरील कणसाची गाडी, गच्चीवरील ‘बार्बेक्यू’, इस्त्रीचे दुकान, लोहाराची भट्टी आणि बाळंतिणीची शेक-शेगडी या रूपांत तो आजही आपल्यात आहे. म्हणजे कोळसा पेटविण्याचे प्रसंग शिल्लक आहेत, पण ते पेटविणाऱ्या हातांना पूर्वीचा सराव राहिलेला नाही. अशा वेळी सरावाची जागा रॉकेलची बाटली घेते आणि तेथूनच अपघाताला प्रारंभ होतो.

या पार्श्वभूमीवर धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोकजीवनात आढळणारी कोळसा पेटविण्याची साधने, त्यांमागील शास्त्रीय तत्त्वे आणि त्यांची सुरक्षितता यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. कोळसा सहज का पेटत नाही?

लाकूड मर्यादित हवेत साधारणपणे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले असता त्यातील पाणी व ज्वलनशील वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. हाच लोणारी कोळसा होय. कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर चांगल्या कोळशाच्या एका किलोपासून २८ ते ३० मेगाज्यूलपर्यंत मिळते. शिवाय त्याला धूर जवळजवळ नसतो. मात्र या गुणांची किंमत पेटविताना मोजावी लागते. लाकूड तापले की त्यातून वायू बाहेर पडतात, ते वायू पेट घेतात आणि ज्वाला पुढे सरकते. कोळशातील असे वायू आधीच निघून गेलेले असल्यामुळे त्याला स्वतःची ज्वाला जवळजवळ नसते. त्याचा पृष्ठभागच तापून लाल व्हावा लागतो. त्यासाठी साधारणपणे ३०० ते ४०० अंश तापमान आवश्यक असते.

येथे तापमान आणि उष्णता यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. आगकाडीच्या ज्योतीचे तापमान या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त असते, पण एका काडीतून मिळणारी एकूण उष्णता जेमतेम एक ते दोन किलोज्यूल असते. कोळशाचा ५० ग्रॅमचा एक तुकडा संपूर्णपणे पेटण्याच्या तापमानापर्यंत नेण्यास सुमारे १६ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून काडीने कोळसा पेटत नाही. काडी आणि कोळसा यांच्यामध्ये मध्यस्थ लागतो. आपल्याकडे पाचट, तुराट्या, करवंटी, काथ्या, गोवरीचा तुकडा किंवा कागद हे या मध्यस्थाचे काम करतात.

दुसरी अडचण हवेची आहे. एक किलो कार्बन पूर्ण जळण्यास सुमारे २.६७ किलो ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण आकारमानाने सुमारे २१ टक्के असल्यामुळे तेवढ्यासाठी साडेअकरा किलो, म्हणजेच साडेनऊ घनमीटरच्या आसपास हवा पुरवावी लागते. एवढी हवा कोळशाच्या तुकड्यांमधील फटींतून जावी लागते.

तिसरी गोष्ट संगतीची आहे. एकटा निखारा बाहेर काढून ठेवला तर तो थोड्याच वेळात काळा पडतो, कारण त्याची उष्णता चहूबाजूंनी निघून जाते. चार निखारे एकत्र असतील तर प्रत्येकाची उष्णता दुसऱ्याला मिळते. थोडक्यात, प्रारंभिक उष्णता, हवेचा पुरवठा आणि उष्णता एकत्र राखणे या तीन गरजा आहेत. कोळसा पेटविण्याचे जगातील कोणतेही साधन या तिन्हींपैकी एक वा अधिक गरजा भागविते. पुढील विवेचन याच कसोटीवर केले आहे.

२. परंपरागत साधने

अ) राखेतील विस्तव : आगकाडी १८२७ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन वॉकर यांनी प्रथम विक्रीस आणली. त्यापूर्वी, आणि आपल्या खेड्यांत त्यानंतरही दीर्घकाळ, आग ‘पेटविण्या’पेक्षा ‘राखण्या’वर भर होता. रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि पहाटे राख बाजूला सारून त्यांवर गोवरीचा चुरा टाकायचा, ही पद्धत होती. राख उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे आणि हवा अगदी थोडी पोहोचू देत असल्यामुळे निखारा रात्रभर धुमसत राहतो. ज्या घरी विस्तव विझला त्या घरची स्त्री गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जात असे. पेटलेला निखारा हे स्वतःच कोळसा पेटविण्याचे सर्वांत जुने साधन होते. रानात असणारा शेतकरी व मेंढपाळ यांच्यापाशी चकमक, गारगोटी आणि कापूस असे. चकमकीच्या ठिणगीने कापूस धुमसतो व त्यावर चिलीम किंवा शेकोटी पेटते.

आ) फुंकणी : सुमारे दीड ते दोन फूट लांबीची लोखंडी नळी प्रत्येक चुलीपाशी असे. फुंकणीतून आपण उच्छ्वासाची हवा सोडतो आणि तिच्यात ऑक्सिजन सुमारे १६ टक्केच असतो. मग तिने विस्तव कसा फुलतो? नळीतून वेगाने निघणारा झोत आजूबाजूची ताजी हवा आपल्याबरोबर ओढून नेतो, हे त्याचे उत्तर होय. म्हणूनच जाणती स्त्री फुंकणीचे टोक निखाऱ्याला भिडवीत नाही, काही अंतर सोडते. त्या अंतरातच बाहेरची हवा झोतात मिसळते. फुंकणी हवेची गरज भागविते, परंतु फुंकणाऱ्या व्यक्तीचे तोंड व डोळे धुराच्या जवळ राहतात, ही तिची मर्यादा आहे.

इ) पंखा, सूप आणि पुठ्ठा : शेगडीच्या खालच्या तोंडाशी हातपंख्याने वारा घालण्याची पद्धत फुंकणीपेक्षा आरोग्यदृष्ट्या सरस ठरते. शेगडीची रचनाच त्यासाठी अनुकूल असते. मध्ये जाळी, वर कोळसा आणि खाली हवेसाठी व राखेसाठी जागा असते. पावसाळ्यात मक्याची कणसे भाजणारा गाडीवाला पुठ्ठ्याच्या तुकड्याने हेच काम करतो. अलीकडे अनेक गाड्यांवर हाताने फिरविण्याचा किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंखा दिसतो.

ई) भाता : लोहार आणि घिसाडी समाजाच्या भट्टीतील चामडी भाता हे हवा पुरविण्याचे सर्वांत प्रभावी परंपरागत साधन होय. हवा खालून, अरुंद तोंडातून, कोळशाच्या गाभ्यात सोडली जाते. त्यामुळे लोखंड लाल-पिवळे होईपर्यंत, म्हणजे सुमारे १००० अंशांपर्यंत तापमान चढते. रस्त्याकडेला पाल टाकून विळे-खुरपी घडविणाऱ्या घिसाडी कुटुंबात घण मारण्याचे कष्टाचे काम स्त्रिया करतात, हे येथे नोंदविले पाहिजे. आता चामडी भात्याची जागा दातेरी चाकांच्या हातपंख्याने किंवा विजेच्या ब्लोअरने घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे.

उ) कोळशाची इस्त्री : पितळी किंवा लोखंडी इस्त्रीच्या बाजूंना असलेली छिद्रे शोभेसाठी नसतात. परीट मधूनमधून इस्त्री हवेत झुलवितो तेव्हा त्या छिद्रांतून हवा शिरते आणि आतील निखारे पुन्हा फुलतात. साधन आणि पेटविण्याची क्रिया येथे एकरूप झाली आहे.

ऊ) हुरड्याची आगटी : धाराशिव जिल्हा हा रब्बी ज्वारीचा प्रदेश आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ज्वारीची कणसे दुधाळ अवस्था ओलांडून हिरवी व भरीव होतात, तेव्हा हुरड्याचा हंगाम येतो. सुरती, गुळभेंडी अशा जाती त्यासाठी प्रसिद्ध आहेत. शेतात छोटा खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटविल्या जातात. ही आगटी म्हणजे उघड्यावर भाजण्याची आपली स्वतःची पद्धत होय. गोवरी सच्छिद्र व तंतुमय असल्यामुळे लवकर पेट घेते. तिची उष्णता कोळशापेक्षा बरीच कमी असते, म्हणून कोवळा दाणा करपत नाही. खड्ड्याच्या भिंती उष्णता परत आत टाकतात आणि माघाच्या वाऱ्यापासून विस्तवाचे रक्षण करतात. धूर असेपर्यंत जाणकार कणसे घालीत नाहीत. आधी ‘आर पडू द्या’ असे सांगितले जाते. धूर व ज्वाला ओसरून लाल निखाऱ्यावर राखेचा पातळ थर येणे म्हणजे आर पडणे. कोळशावर भाजण्यासंबंधीच्या पाश्चात्त्य पुस्तकांतून कोळसा राखाडी होईपर्यंत थांबण्याची सूचना आढळते. ती आणि ‘आर पडू द्या’ हे वाक्य एकाच अनुभवातून आलेले आहे.

३. द्रव इंधनाचा वापर : सोय आणि धोका

कोळशावर रॉकेल ओतून काडी लावणे ही आता सर्वांना सोपी वाटणारी पद्धत आहे. या पद्धतीत मध्यस्थाचे काम रॉकेल करते. तथापि पहिल्या भडक्यात वरचे रॉकेल जळून जाते, कोळशात मुरलेले रॉकेल अर्धवट जळत राहते आणि त्याचा वास पदार्थाला लागतो. अमेरिकेत व युरोपात याच कामासाठी खनिज तेलापासून केलेली खास द्रव्ये विकली जातात. त्यांच्या वाफांमुळे हवा दूषित होते म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या हवा-गुणवत्ता यंत्रणेने १९९० मध्ये त्यांवर मर्यादा घालणारा नियम केला. घरगुती शेगडीची दखल कायद्याला घ्यावी लागली, हे लक्षणीय आहे.

प्रदूषणापेक्षा गंभीर धोका भाजण्याचा आहे. रॉकेलची पेटण्याजोगी वाफ सुमारे ३८ अंशांच्या वर तयार होऊ लागते. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही तयार होते. म्हणजे आपल्याकडील कोणत्याही ऋतूत पेट्रोल ओतताच आजूबाजूची हवा स्फोटक बनते. ‘रॉकेल नाही तर पेट्रोल’ हा विचार म्हणूनच प्राणघातक ठरतो. विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यावर पुन्हा रॉकेल ओतणे हे तितकेच धोक्याचे आहे. गरम कोळशावर त्याची दाट वाफ होते, ती एकाएकी पेट घेते आणि ज्वाला धारेवाटे हातातील बाटलीपर्यंत येते. २०२० नंतर घरोघरी आलेल्या सॅनिटायझरचाही असा उपयोग केला जाऊ शकतो. त्यातील अल्कोहोलची ज्वाला दिवसा उजेडात जवळजवळ दिसत नाही. पेटलेले असूनही पेटले नाही असे समजून माणूस आणखी ओततो आणि भाजतो.

धुपासाठी मिळणाऱ्या, काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या कोळशाच्या वड्यांत पोटॅशियम नायट्रेटसारखे ऑक्सिजन पुरविणारे द्रव्य मिसळलेले असते. धूपाटण्यासाठी त्या सोयीच्या आहेत, पण खाद्यपदार्थ भाजण्यासाठी त्यांचा वापर करू नये.

४. धुराड्याचे तत्त्व आणि चिमणी

फुंकणी, पंखा व भाता यांना श्वास, हात किंवा वीज लागते. रॉकेलला पैसा लागतो आणि धोका पत्करावा लागतो. यांपैकी काहीही न लागणारे एक साधन पाश्चात्त्य देशांत रूढ आहे. त्याला तेथे ‘चिमणी’ म्हणतात. चिमणी म्हणजे येथे रॉकेलचा दिवा नव्हे, तर धुराडे. दोन्ही बाजूंनी उघडे असलेले पत्र्याचे नळकांडे, त्याच्या खालच्या भागात जाळी, जाळीखाली हवेसाठी छिद्रे आणि बाजूला मूठ, एवढीच त्याची रचना असते. जाळीवर कोळसा भरायचा, खाली कागद किंवा वाळलेले पाचट पेटवायचे आणि दूर उभे राहायचे. साधारणपणे १५ ते २० मिनिटांत सर्व कोळसा फुलतो. मग तो शेगडीत ओतायचा.

हे कसे घडते? वीस अंशांच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते, तर ६०० अंशांच्या हवेचे सुमारे ०.४ किलो. नळकांड्यातील तापलेली हलकी हवा वर जाते आणि खालून जड थंड हवा आत ओढली जाते. ३० सेंटीमीटर उंचीच्या नळकांड्यात यामुळे निर्माण होणारा दाबातील फरक दोन-सव्वादोन पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पन्नास हजारांश इतकाच असतो. तरीही तो सतत असतो, थकत नाही आणि कोळसा जसा तापेल तसा वाढतो. शिवाय पत्र्याच्या भिंतींमुळे निखारे एकमेकांना बिलगून राहतात. प्रारंभिक उष्णता, हवा आणि उष्णतेची राखण या तिन्ही गरजा एकाच साधनात भागतात.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. कंदिलाची काच काढली की ज्योत लाल होते व काजळी धरते. काच बसविली की तीच ज्योत उजळ व स्थिर होते. काच वाऱ्यापासून संरक्षण करतेच, पण धुराड्याप्रमाणे खालून हवाही ओढते. कंदील घरोघरी असूनही हेच तत्त्व शेगडीला लावण्याचे आपल्याकडे फारसे घडले नाही. विस्तव फुंकण्यासाठी घरात स्त्री उपलब्ध आहे, हे गृहीत धरले गेल्यामुळे तिचे श्रम वाचविणाऱ्या साधनाची निकड समाजाला जाणवली नसावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

अशी चिमणी गावातील पत्र्याचे काम करणारा कारागीर पंधरा किलोच्या रिकाम्या तेलाच्या डब्यापासून सहज करून देऊ शकतो. वरचा व खालचा पत्रा कापावा. तळापासून सुमारे १० सेंटीमीटर उंचीवर आडव्या सळ्या ओवून जाळी करावी. जाळीखाली चारही बाजूंना बोटभर रुंदीची छिद्रे पाडावीत आणि लाकडी मूठ बसवावी. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये, कारण तीव्र उष्णतेत जस्ताची विषारी वाफ निघते. तसेच डब्यावरील रंग जाळून टाकण्यासाठी पहिल्या खेपेस तो उघड्यावर, खाद्यपदार्थाविना पेटवावा.

५. विद्युत साधने

विजेच्या तारेचे तापणारे वेटोळे कोळशात खुपसणे किंवा तप्त हवेचा झोत सोडणारे यंत्र वापरणे, या पद्धती आता शहरांत दिसतात. वेटोळे पहिली गरज भागविते, तर तप्त झोत पहिली व दुसरी अशा दोन्ही गरजा भागवितो. जपानमध्ये तळाला छिद्रे असलेल्या छोट्या कढईत कोळसा घेऊन ती गॅसच्या ज्योतीवर धरण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही पापड भाजण्याच्या जाळीवर धुपाचा कोळसा ठेवून गॅसवर पेटविला जातो. ही साधने रॉकेलपेक्षा सुरक्षित आहेत. तथापि शेतात वीज नसते, आणि जोरदार ब्लोअरने उडणाऱ्या ठिणग्या कडब्याच्या गंजीपर्यंत किंवा उसाच्या पाचटापर्यंत जाऊ शकतात, याचे भान ठेवावे लागते.

६. पेटल्यानंतरचा अदृश्य धोका

कोळसा चांगला पेटला, धूर संपला आणि निखारे लाल झाले की धोका संपला, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. निखाऱ्यांच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तप्त कोळशातून जाताना त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. या वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी दृढपणे जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, ग्लानी आणि झोप या क्रमाने माणूस बेशुद्ध होतो. ठसका लागत नसल्यामुळे सावधगिरीची सूचनाच मिळत नाही.

एका साध्या गणिताने याची तीव्रता ध्यानात येईल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीचे आकारमान सुमारे २८ घनमीटर असते. अशा बंद खोलीत १०० ग्रॅम कार्बन जळाला आणि त्याचा केवळ दहावा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडमध्ये गेला, तरी २३ ग्रॅम वायू तयार होतो. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ८०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा मिनिटांसाठी सुचविलेली मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची प्रथा आहे. बाळंतीण आणि तान्हे मूल यांना वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. जुन्या माळवदाच्या घरात छताला झरोका असे आणि तप्त वायूला तेथून वाट मिळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा व उमरगा परिसरातील अशी असंख्य घरे कोसळली आणि त्यांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. जिल्ह्यात इतरत्रही माळवदे कमी होऊन स्लॅबची घरे वाढली. घर बदलले, प्रथा तीच राहिली. झरोका नसलेल्या बंद खोलीत तीच शेगडी अधिक घातक ठरते. कोळसा अंगणात पूर्ण फुलवून आत आणला तरी हा वायू निघतच राहतो, त्यामुळे ‘धूर नाही’ ही खात्री पुरेशी नाही. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापविलेले कापड वापरावे. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नये, आणि हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून रात्रभर तर मुळीच नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. कोळसा पेटविण्याची सर्व साधने प्रारंभिक उष्णता, हवा आणि उष्णतेची राखण या तीन गरजांभोवती उभी आहेत. राखेतील विस्तव, फुंकणी, भाता आणि आगटी ही आपली परंपरागत साधने अडाणी नसून त्यांत सूक्ष्म निरीक्षण सामावलेले आहे. मात्र त्यांपैकी फुंकणीसारख्या साधनांचा भार स्त्रियांच्या फुप्फुसांवर पडला. रॉकेल व पेट्रोल ही साधने नसून कौशल्याच्या अभावी स्वीकारलेली धोकादायक पळवाट आहे. धुराड्याच्या तत्त्वावरील पत्र्याची चिमणी ही स्वस्त, स्थानिक कारागिराला काम देणारी आणि सुरक्षित अशी पर्यायी व्यवस्था होऊ शकते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना या बाबतीत प्रत्यक्ष काही करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांत विद्यार्थी उघड्यावर स्वयंपाक करतात, हुरड्याच्या सहली निघतात. अशा वेळी तेलाच्या डब्याची एक चिमणी सोबत असावी आणि रॉकेलची बाटली नसावी. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना दाब, घनता आणि ज्वलन शिकविण्यासाठी याहून सोपे प्रात्यक्षिक मिळणार नाही. दत्तक गावातील आशा कार्यकर्तीबरोबर बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीविषयी अर्धा तास बोलणे हे तर त्याहूनही अगत्याचे आहे. विस्तव फुलविण्याची विद्या घरातून निघून जात असताना ती वर्गात आणणे ही आता आपली जबाबदारी आहे.